तेल्हाऱ्यातले खिम्याचे मोमो

अकोला स्टेशनवर उतरले तेव्हा माझी पुणेरी ऐट घामाबरोबर वाहून गेली होती. पुढे तेल्हाऱ्याची एसटी. काच अर्ध्यावर अडकलेली, बाहेर काळी माती आणि कपाशी. मावसबहिणीच्या मुलीने, पल्लवीने मला मुद्दाम बोलावलं होतं. पुण्यातल्या हॉटेलात ती मोमो करायला शिकली होती आणि आता घरासमोरच्या रिकाम्या गाळ्यात दुकान काढायचं म्हणत होती. भाऊजींची अट एकच: घरच्यांना खाऊ घाल, आवडलं तर गाळा तुझा.

पोचले तर मिठात मुरवलेल्या कोबीची बरणी नुकतीच उघडलेली.

"हे तं नासलं माय!" ताईने नाकाला पदर लावला. "तेल नाई, मोहरी नाई, हे कायचं लोणचं?"

"आई, हे असंच आंबट असते."

कोबीचं मिटलं, तर इडलीपात्रावरून पेटलं. या घरात मटण स्वयंपाकघरात शिजत नाही. त्याला मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळा गंज (पातेलं). खायला मात्र सगळे हजर. देव्हाऱ्यासमोरून एक कोंबडी खुशाल फिरत होती. जिवंत आहे तोवर तिला मनाई नव्हती.

"माह्यं इडलीपात्र बाटवाचं नाई," ताईने बजावलं.

शेवटी गंजात पाणी उकळून वर चाळणी ठेवली. पल्लवीने खिमा, पिळून घेतलेली कोबी, आलं-लसूण मळून सारण केलं, मैद्याच्या पाऱ्या लाटल्या आणि भराभर चुण्या घातल्या. माझ्या पाऱ्या फाटल्या, डोळ्यांत धूर गेला. तिचा भाऊ विक्की बाजेवर मोबाइल बघत पडला होता. चाखायला तेवढा उठला.

भाऊजींनी पहिला मोमो चोरीचा माल तपासावा तसा उलटसुलट केला. मग वर मटणाची तर्री ओतून ताटभर खाल्ले.

"लय जबरदस्त झालं, पोरी!"

पल्लवी इतकी खुलली की मलाच भरून आलं.

हात धुऊन भाऊजींनी निकाल दिला. "दुकान चालीन. विक्कीच्या नावानं टाकू. तो गल्ल्यावर बसीन, तू मांगं सारण करून देजो."

"बाबा, गाळा मले देतो म्हटलं होतं ना?"

"तुले काहून पाह्यजे? उद्या लगन झालं का तू जाशीन."

माझं डोकंच फिरलं. "भाऊजी, खिमा आत चालत नाही, मुलगी बाहेर चालत नाही. घराला दार तरी कशाला ठेवलंत?"

"तुमी पुण्याचे लोक लय बोलता," म्हणत त्यांनी आणखी एक मोमो उचलला.

सकाळी पल्लवी बॅग घेऊन माझ्याच एसटीत चढली. "अकोल्यात गाळा पाहाले जाऊन राहिली," एवढंच बोलली.

पुण्याला परतून आता बरेच महिने झाले. तेल्हाऱ्यात विक्कीच्या नावाची पाटी लागली, शटर काही उघडलं नाही. भाऊजी अकोल्याला गेले की पोरीच्या दुकानात पोटभर खातात आणि तिच्या हुशारीचं श्रेय घेऊन परततात. परक्याच्या गाळ्यात कसं काय चाललंय, असं मी तिला फोनवर विचारलं.

"बरं हाये, मावशी," ती म्हणाली. "मालकानं अजून माह्या लगनाचा विषय काढला नाई."