कोर्टाच्या सुट्टीतली वकिली

उन्हाळा जवळ आला की लॉ कॉलेजातल्या ज्युनिअर मुली मला विचारतात, फर्स्ट इयरनंतर इंटर्नशिप कुठं करू? मी फार बोलत नाही, म्हणून माझ्याकडे काहीतरी गुपित असणार असं त्यांना वाटतं. गुपित काही नाही. मी ती सुट्टी सांगलीत एका वकीलबाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून काढली, आणि त्या सबंध सुट्टीत एकदाही कोर्टात गेले नाही.

वर्गातले बाकीचे पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये गेले होते. तिथे आधी फोनवर मुलाखत होते. फोन वाजला की मी तो दुसऱ्याच्या हातात देते, त्यामुळे मी अर्जच केले नव्हते. वकीलबाई आईच्या शाळेतल्या मैत्रीण. त्या म्हणाल्या, "पाठव तिला." मी साताऱ्याहून एसटीनं सांगलीला मामाकडे राहायला आले. बॅगेत इस्त्री केलेला पांढरा शर्ट आणि काळा कोट होता.

"कोट कशाला आणलास?" बाईंनी पहिल्याच सकाळी विचारलं. "कोर्टाला सुट्टी लागलीय."

मे महिन्यात कोर्टं बंद असतात, हे मला माहीत नव्हतं. माझा चेहरा पडला असावा. बाईंनी टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला.

"बंद आहे म्हणूनच बोलावलं तुला. चालू असलं की मला कुणाच्या तोंडाकडं बघायला वेळ नसतो. सुट्टीत माणसं निवांत येतात, बसतात, खरं बोलतात. तू नुसतं ऐक. समोरचा बोलत असताना लिहायचं नाही."

ऐकणं मला जमण्यासारखं होतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायला लागले. बाई जैन, सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. त्यांच्या पक्षकारांना हे ठाऊक होतं. ऊन उतरायला लागलं की बोलणारा स्वतःच उठायचा. "तुमची जेवायची वेळ झाली बाई, उद्या येतो." घड्याळाकडे बाई कधी बघायच्या नाहीत. ज्याचं बोलणं संपायचं नाही, त्याला त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून बोलू द्यायच्या. आमच्या सरांनी वर्षभर शिकवलं नाही इतकं मी त्या 'पुन्हा पहिल्यापासून'मध्ये शिकले. कारण दुसऱ्यांदा सांगताना माणूस वेगळंच सांगतो.

एके दिवशी कवठे महांकाळ तालुक्यातला एक फौजी आला. रजेवर होता. वडील वारून वर्ष झालं होतं, आई आधीच गेलेली. मागे राहिले तो आणि बहीण. जमीन आजवर कोरडवाहू होती, आता कालव्याचं पाणी शिवारात पोचलं होतं आणि त्याला द्राक्षबाग लावायची होती. बागेच्या कर्जासाठी बँक दोघांच्या सह्या मागत होती. त्याला बहिणीचं हक्कसोडपत्र करून हवं होतं. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा मी भावासाठी सोडते, असा नोंदणी केलेला कागद. आमच्या भागात बहुतेक बहिणी तो करून देतात. त्या दिवशी भाऊ बहिणीला नवी साडी घेतो आणि ती नेसूनच ती सही करायला जाते.

बहीण कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. कामाला जाता जाता स्वतःच्या स्कूटीवर आली. चाळिशीची, हसरी. आल्या आल्या म्हणाली, "कुटं करायची सही? मला दुपारच्या पाळीला जायचंय."

बाईंनी फौजीला उसाचा रस पिऊन यायला सांगितलं. तो हसला. "मला बाहीर काडताय व्हय?"

"हो."

मग त्यांनी मसुदा माझ्या हातात दिला. "यात काय आहे ते यांना समजावून सांग."

मी घाबरले. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. घरी मराठीच बोलतो, पण कायदा माझ्या डोक्यात इंग्रजीतच होता. मी हळूहळू वाचलं आणि प्रत्येक वाक्याला घरातली मराठी शोधली. जमिनीत तुमचा निम्मा हिस्सा आहे. तो तुम्ही भावाला सोडताय. पुन्हा मागता येणार नाही. तुमच्या मुलांनाही नाही. ती प्रत्येक वाक्याला "हां, हां" म्हणत होती. संपल्यावर मला बरं वाटलं.

बाई म्हणाल्या, "आता तुम्ही हिला सांगा, काय लिहिलंय."

"आवं, आत्ताच वाचलं की तिनं."

"तुमच्या तोंडानं सांगा."

ती सावरून बसली. "मी भावाला जमीन सोडती. आनी त्यानं माजं बघायचं. अडीनडीला, सणावाराला."

"दुसरं वाक्य कुठं आहे?" बाईंनी मला विचारलं.

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. ते वाक्य नव्हतं. मी मान हलवली. तिचं हसू गेलं नाही, नुसतं तिथंच थांबलं.

"मग लिवा की ते," ती म्हणाली.

"जमीन लिहिता येते," बाई म्हणाल्या. "बघणं कसं लिहू? आणि हे ऐका. मी तुमच्या भावाची वकील आहे. सही करा किंवा करू नका, यातलं काहीच मी तुम्हाला सांगणार नाही. दुसऱ्या वकिलाला विचारायचं तर विचारा. पण समजल्याशिवाय सही करू नका."

"न्हाई केली तर माहेर तुटंल माजं."

बाईंनी मसुद्याची एक प्रत तिच्यापुढं ठेवली. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी धीराचं बोलावं. तिनं ती प्रत घडी करून पिशवीत टाकली आणि उठली.

फौजी परतला तेव्हा स्कूटी गेली होती. त्याला सगळं कळलं, तसा तो उभाच राहिला. "बाई, तुमी माज्या वकील का तिच्या?"

"तुमचीच. तिला न कळता सही घेतली तर उद्या तिची मुलं कोर्टात येतील, तेव्हा तुमची बाग लागलेली असेल. मला तुमच्यासाठी पक्का कागद करायचाय. आठवडाभर थांबा."

"रजा संपतीया माजी," एवढंच म्हणून तो निघाला. चप्पल घालताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी बाईंना विचारलं, "ते दुसऱ्या वकिलाकडे गेले तर?"

"जातील. बरेच जातात." त्या जेवायला उठल्या. मी एवढी शांत माणसं फार पाहिली नव्हती. मी शांत असते ते भीतीनं. त्यांची शांतता वेगळी होती.

रजा संपायच्या आधी दोघं आले, एकाच स्कूटीवर, बहीण पुढं आणि फौजी मागं. बाईंनी विचारायच्या आधीच बहीण बोलली. वाटेत घोकून आली असावी.

"रस्त्याकडचा तुकडा मला पायजे. बाकीचं समदं सोडती."

"काय करनारैस तिथं?" भावानं विचारलं. हा प्रश्न त्यानं आधीही विचारला असणार, कारण तो बाईंकडे बघून विचारत होता.

"घर बांधीन. न्हाईतर नुसती बसीन. माज्यात बसीन."

बाईंनी सातबारा पाहिला. "फार लहान तुकडा वेगळा करता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा आहे."

बहीण लगेच म्हणाली, "मग जरा मोठा घ्यावा लागंल की मला."

फौजी हसला. मनापासून नाही, पण हसला. "ल्हानपनी पेरूच्या झाडाला हीच चिकटायची. उतरायचीच न्हाई." मग त्यानं सातबारा स्वतःकडे ओढून घेतला. "विहिरीपासनं रस्त्यापर्यंत घे," तो म्हणाला. "बागंला वरचं रान पुरं हाय."

बाईंनी हक्कसोडपत्राचा मसुदा बाजूला ठेवला आणि वाटणीपत्र लिहायला घेतलं. पहिली प्रत मला करायला दिली. लिहून झाल्यावर मी ती बहिणीला वाचून दाखवली, आणि या वेळी मीच म्हटलं, "आता तुम्ही सांगा." तिनं सांगितलं. त्यात कागदात नसलेलं एकही वाक्य नव्हतं.

नोंदणीला आम्ही कवठे महांकाळला गेलो. कार्यालयाबाहेर झाडाखाली गर्दी होती. तिथं मी पहिल्यांदा ते पाहिलं: घडीच्या रेषा न मोडलेल्या नव्या साड्या नेसलेल्या बायका, प्रत्येकीशेजारी एक भाऊ. आमची बहीण कामावर नेसायची ती फिकी साडी नेसून आली होती.

फौजीच्याही ते लक्षात आलं. "साडी आवडली न्हाई व्हय?"

"आवडली की. डिकीत हाय. दिवाळीला येईन तवा नेसीन."

"दिवाळीला मला रजा न्हाई मिळायची."

"तू नसलास तरी येईन," ती म्हणाली. "माजं रान हाय तितं."

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. बाईंनी फाइल माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "जा त्यांच्याबरोबर. मी इथं सावलीत बसते."