ससा सोडून बाकीची काच

संग्रहालयात हजार वर्षांपूर्वीचा एक इराणी पेला ठेवला आहे. बिनरंगी काचेचा, आणि त्याच्या अंगावर उठून दिसणारा एक धावता ससा. मला वाटलं, ससा वरून चिकटवला असेल. तिथे माहिती देणाऱ्या बाई हसल्या. "छे हो! पेला आधी चांगला जाड फुंकायचा. मग फिरत्या चाकावर धरून, ससा सोडून बाकीची काच घासून काढायची."

"मग त्या काचेचं काय झालं?" माझ्या मुलीनं हळूच विचारलं. सतरा वर्षांची आहे ती.

"भुकटी झाली. काय होणार?"

त्या कारागिराशी माझं लगेच जमलं. माझ्याही हाती अशीच एक ओबडधोबड पोर आली होती. तिचं खिदळणं काढलं, शिट्टी वाजवणं काढलं, जिन्यावरून उड्या मारत उतरणं काढलं. डाव्या हातानं जेवायला लागली की पट्टी मारली. रडली तरी थांबले नाही. चाक मध्येच थांबवलं तर काम बिघडतं. आता लोक म्हणतात, "काय गुणी मुलगी आहे हो तुमची!" ते ऐकायला मला आवडतं.

पेल्याला एका बाजूला भोक पडलं होतं. "ससा शाबूत आहे बघा," बाई म्हणाल्या. "फुटते ती घासून पातळ झालेली काच."

मुलगी वाकून त्या भोकाकडेच पाहत राहिली.

"पाठ सरळ," मी म्हणाले.

तिनं लगेच केली. जराही आवाज न होता.