फुगेल न फुगेल

कालिरोईने आयुष्यात एकाच बाईचा हेवा केला, पण तो अगदी जीव ओतून केला. ती बाई म्हणजे तिची धाकटी जाऊ एवान्थिया. घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हेव्याला सुट्टी अशी नव्हतीच. जाऊ दिसायला उजवी, तिचा नवरा गरीब गायीसारखा, हे सगळं कालिरोईने एक वेळ पचवलं असतं. पचला नाही तो एवान्थियाचा हरभऱ्याच्या फेसाचा पाव.

ग्रीसच्या क्रीट बेटावर, डोंगरात हा पाव म्हणजे मोठं लहरी प्रकरण. भरडलेले हरभरे गरम पाण्यात घालून मडकं घोंगड्यांत गुंडाळायचं. सकाळी फेस चढला तर त्यात पीठ मळायचं. नाही चढला तर सगळं कोंबड्यांपुढे. कुणाची नजर लागली की बसलाच. म्हणून बायका दारं लावून घेतात आणि कुणी विचारलं तर भलतंच काहीतरी सांगतात.

कालिरोईला ही लपवाछपवी म्हणजे अडाणीपणा वाटे. "शनिवारी पाव करणार मी!" असं ती नळावर जाहीर करी. रविवारी अख्खा नळ विचारी, "काय गं, काय झालं पावाचं?" पाव विटेसारखा बसलेला असे. एवान्थियाचा मात्र जेव्हा दिसे तेव्हा टम्म फुगलेला.

लेकीचं, रोदान्थीचं, लग्न ठरलं तेव्हा ठिणगी पडली. पोरगी सहज म्हणाली, "आई, लग्नाचा पाव काकूला सांगूया का?"

"माझ्या पोटच्या पोरीच्या लग्नात तिच्या हातचा पाव? मी मेल्यावर!"

बोलून बसली खरी, पण पाव फुगायला तर हवा. शेवटी नाक मुठीत धरून ती जावेकडे गेली.

"हरभरे किती घेतेस?"

"मूठ, दोन मुठी. मडकं बघून."

"पाणी किती गरम?"

"बोटाला सोसेल न सोसेल असं."

"आणि पीठ?"

"मावेल तेवढं, जाऊबाई."

"ठेवायचं किती वेळ?"

"चढायचा तेव्हा चढतो. कधी लवकर, कधी उशिरा."

"अगं बाई, पाव सांगतेयस की भविष्य?"

एवान्थिया हसली. "मला तरी कुठं नक्की ठाऊक आहे?"

लबाड! सासूने मरताना खरी कृती हिच्याच कानात सांगितली असणार, अशी कालिरोईची खात्री पटली. त्या दिवसापासून ती जावेच्या खिडकीवर डोळा ठेवून होती.

लग्न तोंडावर आलं. एका सकाळी एवान्थियाची खिडकी बंद दिसली. कालिरोईने चाळणी मागायचं निमित्त केलं आणि मागल्या दाराने थेट आत शिरली. जाऊ मडक्यापुढे उकिडवी बसली होती, घोंगड्या सोडलेल्या. कालिरोईने वाकून पाहिलं. फेसाचा थेंब नाही, नुसतं घाणेरडं पाणी.

"आता माझी नजर लागली म्हणशील!"

"छे हो! तुम्ही यायच्या आधीच गेलं होतं. परवाचंही गेलं."

"परवा? परवा विचारलं तर 'धुणंबिणं चाललंय' म्हणालीस!"

"मग काय दवंडी पिटू?" एवान्थियाने मडकं उचलून कोंबड्यांपुढे रिकामं केलं. "बसलं की यांना, फुगलं की तुम्हाला. करतेय हेच कुणाला ठाऊक नाही, तर बसलेलं कोण मोजणार?"

कालिरोई मटकन स्टुलावर बसली. इतकी वर्षं ती फुगलेल्या पावांवर जळत आली होती. बसलेले सगळे या कोंबड्यांच्या पोटात होते. पण म्हणून हेवा विझला? नाव नको. आजवर ती जावेच्या हातावर जळत होती, आता जिभेवर जळू लागली.

आणि तिने स्वतःची जीभ आवरली. नळावर बायका विचारत, "काय चाललंय?" "असंच, थोडंफार." "लग्नाचा पाव कोण करतंय?" "बघू. होईल काहीतरी." कालिरोईच्या कोंबड्या लठ्ठ झाल्या. लग्न अगदी उंबऱ्याशी आलं तेव्हा एका सकाळी झाकण उचलून फेस वर आला, आणि तिने अक्षरशः मावेल तेवढं पीठ घालून पाव मळला.

लग्नाच्या टेबलावर पाव मोडला गेला. नवऱ्यामुलाचा मामा पहिला घास खाऊन ओरडला, "वा! एवान्थियाबाईंचा हात!"

सगळे वळून एवान्थियाकडे पाहू लागले. एवान्थिया सवयीने म्हणाली, "असेलही... आपल्या घरचाच म्हणायचा."

ते 'असेलही' कालिरोईच्या काळजात घुसलं. तिने टेबलावर अशी मूठ आपटली की राकी दारूचे पेले नाचले.

"माझा! या माझ्या हातांचा! आणि याच्या आधीचे सगळे कोंबड्यांनी खाल्ले!"

मग म्हाताऱ्या आत्याबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून पावावर तीनदा थू थू केलं. रोदान्थी खो खो हसली आणि तिने दुसरा तुकडा उचलला.

एवान्थिया कानाशी वाकली. "स्वतःच्या तोंडानं बोललात, जाऊबाई. आता पुढचा काही फुगायचा नाही."

"फुगेल न फुगेल," कालिरोई म्हणाली, "तुला कोण सांगायला बसलंय?"