कोर्ट उठेपर्यंत

परळच्या एका चाळीतल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ रमाबाईंनी घातलेली. बाळंतिणीचा शेक, तान्ह्याचं तेल, हेच त्यांचं काम. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटले होते, तेव्हा लालबागच्या नाक्यावर पोलिसांनी त्यांची पिशवी तपासली. शोधत होते पत्रकं. निघाली ब्रँडीची बाटली. एका बाळंतिणीचे हातपाय गार पडत होते, तिच्या तळव्यांना चोळायला घरच्यांनी ती दिली होती.

"परवाना?" हवालदाराने विचारलं.

"चोळायला कसला परवाना, भाऊ?"

तेव्हा दारूबंदी होती; त्यांना अटक झाली. जामीन मिळाला, पण रमाबाईंना चाळीत मान वर करवेना.

गिरगावच्या मनमोहन वकिलांनी समजावलं, "तुम्ही कुणाचं वाईट केलं नाहीत, रमाबाई. पण परवान्याशिवाय दारू जवळ बाळगणं हाच गुन्हा, असं कायद्यात लिहिलंय. बाटली दिली कुणी ते सांगा, शिक्षा कमी होईल."

"आणि पोलीस त्या ओल्या बाळंतिणीच्या खोलीत शिरतील? नाही सांगायची."

कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल?"

"पाप नाही केलं, साहेब. पण बाटली माझ्याच पिशवीत होती. कायद्यात गुन्हा असेल, तर कबूल."

"दिली कुणी?"

"ते नाही सांगायची, साहेब." मॅजिस्ट्रेटनी लेखणी उचलली. "शिक्षा द्यावीच लागेल," ते म्हणाले. "कोर्ट उठेपर्यंत कैद."

कैद म्हणताच रमाबाईंचे डोळे वाहू लागले. वकील कुजबुजले, "तुरुंग नाही हो. संध्याकाळपर्यंत इथंच बाकावर बसायचं."

रमाबाईंचे यजमान कुशाबा गिरणीत खाडा करून आले होते. ते येऊन शेजारी टेकले. मधल्या सुट्टीत त्यांनी फडकं सोडलं. "भाकरी करपली जरा. पयल्यांदाच थापली."

शिपायाने बघून न बघितल्यासारखं केलं.

"तुम्ही जायचं होतं ना कामावर," रमाबाई म्हणाल्या.

"लगीन झाल्यापासून दिवसाउजेडी असे शेजारी कधी बसलो गो आपण?"

रमाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपेना.

संध्याकाळी चाळीच्या जिन्यात बायका उभ्या दिसल्या, तशा रमाबाई खालच्याच पायरीवर थांबल्या. इतक्यात शेजारची आनंदीबाई नातवाला घेऊन पुढे आली.

"सकाळपासून रडतोय गो. पोट बघ याचं."

रमाबाईंनी हात पुसले आणि पोर कुशीत घेतलं.