हुबळीची शिक्षा

माझा नवरा मला हुबळीची भीती घालायचा. मस्कतमध्ये आमचं भांडण झालं, मी त्याच्या मित्रांसमोर जरा जास्त बोलले, की तो ठरलेलं वाक्य टाकायचा: आईकडे हुबळीला पाठवून देईन, मग कळेल. तो स्वतः हुबळीत जन्मला, वाढला, पण त्या गावाबद्दल त्याच्या तोंडून बरा शब्द मी कधी ऐकला नाही. धूळ, दिवसचे दिवस कोरडे नळ, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी माणसं. माझा जन्म मस्कतचा. वडील तिथं नोकरीला होते, शाळा तिथली, लग्न तिथंच ठरलं. भारत म्हणजे मेच्या सुट्टीत पाहुण्यासारखं यायचं आणि पोट बिघडवून परत जायचं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे तो सांगेल ती हुबळी मी खरी मानली.

मग त्यानं खरंच पाठवलं. सासरे गेले, सासूबाई हुबळीतल्या उणकलच्या घरात एकट्या पडल्या, तेव्हा म्हणाला, तू पुढे हो, मी सगळं आवरून मागून येतो. मी दोन बॅगा घेऊन आले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि एका दुपारी फोनवर त्यानं सांगून टाकलं की तो येणार नाही. आमच्या मस्कतच्या घरात आता दुसरी बाई राहत होती. "तुला काय कमी आहे तिथं? घर आहे, आई आहे," असं वर म्हणाला. मूलबाळ नव्हतं, माझे आईवडील कधीच गेलेले. फोन ठेवला आणि मला कळलं, हा माणूस आता माझ्या रडण्याची वाट बघत बसणार. मी रडत फोन करीन, हुबळीला नावं ठेवीन, मला परत ने म्हणून गयावया करीन, आणि तो ऐकून घेईल.

मी ठरवलं, हे सुख त्याला मिळू द्यायचं नाही. सूड घ्यायला माझ्या हातात दुसरं काही नव्हतंच. त्याला जे गाव नकोसं होतं, ते मला आवडून घ्यायचं होतं.

सुरुवातीला ते निव्वळ नाटक होतं. त्याचा फोन आला की मी उगाच आनंदात बोलायची. उणकलच्या तळ्यावर फिरून आले म्हणायची, आणि खरं तर दार लावून पलंगावर पडलेली असायची. पण खोटं बोलायलाही काहीतरी बघून यावं लागतं. म्हणून मी खरंच तळ्यावर जाऊ लागले. तिथं बाकावर बसलं की शेजारी येऊन बसणारी प्रत्येक बाई विचारायची, ऊट आतेन्री? जेवण झालं का? मस्कतमध्ये ज्या मजल्यावर माझा जन्म गेला, तिथल्या समोरच्या दारामागं कोण राहतं हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. इथं मी काय जेवले याची चौकशी न ओळखणाऱ्या बायका करत होत्या. पहिल्यांदा मला रागच आला. नंतर एक दिवस कुणी विचारलं नाही, तर चुकल्यासारखं झालं.

असं एकेक होत गेलं. धारवाडच्या बसमध्ये बसावं तर हुबळीत कडक ऊन, आणि नवनगर मागं पडलं की काचेवर पाऊस. एकाच तिकिटात दोन ऋतू. मस्कतमध्ये कपडे बाल्कनीत दिसतील असे वाळत घालायची मनाई होती. इथं गच्चीवर साडी वाळत घालताना शेजारच्या गच्चीवरून बाई साडीचा पोत विचारायची आणि माझं कानडी दुरुस्त करायची. नळाला पाणी आलं की गल्लीत सणासारखी धांदल उडायची. घागरी, बादल्या, पिंप, पातेली, सासूबाई तर तांब्यासुद्धा भरून ठेवायच्या. जन्मभर नळ सोडला की पाणी येतं हे गृहीत धरलेल्या मला पाणी आलं म्हणून हसू फुटायला लागलं. हे नाटक नव्हतं, आणि ते नाटक नाही हे लक्षात आल्यावर मला त्याच्यावर दुप्पट संताप आला. इतकी वर्षं यानं मला हे गाव खोटं सांगितलं होतं.

पाण्यावरूनच खालच्या मजल्यावरच्या अक्कांशी माझं वाजलं. अक्का माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या, कानडी, आवाज अख्ख्या गल्लीला पुरणारा. पाणी आलं की त्या थेट नळाला मोटर लावायच्या आणि आमची वरची टाकी कोरडी राहायची. मी एकदा खाली जाऊन मोटरची पिन उपटली. त्यांनी मला परदेशातनं आलेली शहाणी म्हटलं, मी त्यांना पाणीचोर म्हटलं. त्यानंतर आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तरी भिंतीकडे बघत जायचो.

आदल्या दसऱ्याला सासऱ्यांच्या दुखवट्यामुळे घरात सण नव्हता. त्या वर्षी दसऱ्याला संध्याकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर अक्का. नवी इरकल नेसलेल्या, हातात काटेरी बारीक पानांची डहाळी. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. बन्नी म्हणजे शमी. सासूबाईंनी मागून माझ्या हातात दुसरी डहाळी कोंबली, आणि मी ती अक्कांना दिली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी वर येऊन तासभर गप्पा मारल्या. मोटरचा म देखील नाही.

सासूबाईंनी मग मला समजावलं. आधी देवाला, मग घरातल्या मोठ्यांना, मग गल्लीत, असं करत बन्नी सगळ्यांना द्यायची. धाकट्यानं मोठ्याकडे जाऊन द्यायची. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्याकडे तर जायचंच, आणि समोरच्यानं दिली की नाही म्हणायचं नाही, उलटी द्यायची. अक्का मोठ्या, खरं म्हणजे मी खाली जायला हवं होतं. मी नवखी, मला माहीत नसणार, म्हणून त्याच वर आल्या.

मी थक्क झाले, आणि चिडलेही. मी रागाला जपणारी बाई आहे. राग मला घरातल्या चांगल्या भांड्यासारखा पुसून ठेवायला आवडतो. आणि इथं वर्षातून एकदा कुणीही येऊन एका काडीच्या बदल्यात तो घेऊन जाणार होतं. अक्कांवरचा राग गेला ते गेला. नवऱ्यावरचा मात्र मी देणार नव्हते. तो मस्कतला होता, तिथून कुणी बन्नी द्यायला येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

गेल्या दसऱ्याला तो आला.

चार दिवस आधी सासूबाईंना त्याचा फोन आला होता. तिथली नोकरी गेली होती, ती बाईही गेली होती. त्याला आता आपल्या घरी राहायचं होतं. सासूबाईंनी मला हे देवघरात, माझ्याकडे न बघता सांगितलं. घर त्यांचं, मुलगा त्यांचा. मी कोण? तो आला की माझी जागा परत तोच ठरवणार. उणकलच्या घरात राहायचं की नाही, हेही. मी समईची वात पुढे सारली. पण त्यानं दिवस बघून निवडलाय हे मी ओळखलं. ज्या गावाला त्यानं जन्मभर शिव्या घातल्या, त्या गावाची ही एकच रीत त्याला पक्की आठवत होती. हात पुढे करायचा, आणि मला नाही म्हणता येणार नाही.

तो दुपारी पोचला. सणाच्या दिवशी कुणाला उपाशी ठेवत नाहीत, म्हणून मी त्याला होळगी, म्हणजे इथली पुरणपोळी वाढली, वर तूपही वाढलं. तो चांगला जेवला. घरात एवढी माणसं येतात-जातात हे त्याला नवं होतं. ऊन उतरल्यावर गल्लीतली पोरंबाळं, सुना, शेजारचे वकीलसाहेब, सगळे वर आले. धाकट्यांनी माझ्या पायाला हात लावले. एका पोरीनं त्याच्याकडे बघून मला कानडीत विचारलं, पाहुणे कुठले? मी म्हटलं, मस्कतचे.

गर्दी सरल्यावर तो उठला. सासूबाई दाराजवळ खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या समोरून तो गेला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. खिशातून एक डहाळी काढली. एकच आणली होती त्यानं, स्टेशनबाहेर घेतलेली.

"झालं गेलं सोडून दे," तो म्हणाला. "बन्नी घे."

मी हात पुढे करायच्या आधीच सासूबाई बोलल्या.

"देवाला दाखवली नाहीस, आईला दिली नाहीस, सरळ हिच्याकडं निघालास. इतकं काय अडलंय रे तुझं?"

तो गोरामोरा झाला. मला आता इथंच राहायचंय, आई, असं काहीतरी पुटपुटला.

"मला काय विचारायलास? हिला विचार. घर आता ही चालवती."

मी त्याच्या हातातली डहाळी घेतली. नाही म्हणायचं नसतं, म्हणून घेतली. आणि सासूबाईंच्या ओंजळीत ठेवली. मग इतकी वर्षं पुसून ठेवलेलं बाहेर काढलं.

"हुबळीत राहणं ही शिक्षा आहे, तूच सांगायचास," मी म्हटलं. "तुला शिक्षा द्यायची माझी अजिबात इच्छा नाही."

मग त्यानं रिकामा हात पुढे केला. उलटी द्यायची असते, हेही त्याला आठवत होतं.

"संपली," मी म्हटलं. "गल्लीत वाटून संपली."

तो बॅग उचलून गेला. आता धारवाडात सप्तापूरला, शिकायला आलेल्या पोरांच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहतो, खानावळीत जेवतो, अधूनमधून आईला भेटायला येतो. आला की मी चहा करते. नळाला पाणी येत नाही म्हणून कुरकुरतो, आणि ते ऐकताना मला आतून गुदगुल्या होतात. त्या संध्याकाळी सासूबाईंनी त्याची डहाळी देवापुढे ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. आईच ती. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, त्याच्याबद्दल मुळीच नाही.

संपली म्हटलं ते खोटं होतं. परातीखाली मी एक डहाळी राखून ठेवली होती, चांगली भरगच्च पानांची. गणपतीपासून अक्कांशी माझं बोलणं बंद होतं. पुन्हा मोटरच. त्या दसऱ्याला त्या वर आल्या नव्हत्या, आणि येणारही नव्हत्या. आता मी नवखी राहिले नव्हते. तो गेल्यावर मी केस सारखे केले, डहाळी घेतली आणि जिना उतरून खाली गेले.

अक्कांनी दार उघडलं. त्यांच्या हातात त्यांची डहाळी आधीच तयार होती.