हातभरावरून फुल फ्लॅश

चहा घ्या, थंडा होईन. मी एका फोटोपायी केवढा गाढवपणा केला ते आज सांगूनच टाकतो. हासू आलं तं हासा, मले राग नाई.

घर आमचं धानोऱ्याकडं, नोकरी आलापल्लीच्या जंगलात. वनमजूर, चाळीस वर्सं. महिन्यातून एकदा घरी. शेवटच्या वर्सांत काम एकच, वाघाचे कॅमेरे झाडाले बांधणं. वाटेच्या दोन्ही अंगानं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, फ्लॅश फुल. वाघ मधातून गेला का आपोआप फोटो. साहेब इंग्रजीत सांगत, मी बटनं पाठ करो. माणूस चौथी नापास, पण माह्या कॅमेऱ्यात वाघाच्या मिशा मोजून घ्या. मंग मले कोणी फोटो काढणं शिकवावं?

आमची बुढी, म्हणजे माही बायको, खाटेवर होती. दुसऱ्या दिवशी तिले नागपूरले ऑपरेशनले न्याचं होतं. तिनंच विषय काढला.

"माहा एक फोटो काढून ठेवा. मेली तं आधार कार्डावरचा नका लावू भिंतीले. त्याच्यात थोबाड चोरावानी दिसते."

"तू काऊन मरशीन? बोटाएवढं ऑपरेशन हाय."

"मरो का नाई मरो. फोटो तं काढा."

माह्या भावाचा पोरगा सुधाकर लग्नाचे फोटो काढते. त्याले बोलावलं. बुढीनं लुगडं बदललं, कुंकू लावलं, उशीले टेकून बसली. घर कवेलूचं, खिडकी एक, दिवसाही अंधार. सुधाकरनं कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचं मुंडकं चुन्याच्या भिंतीकडं फिरवलं.

"हे काय करून राह्यला?"

"मोठेबाबा, उजेड भिंतीवर मारतो. तिथून मोठीमायवर नरम पडते. आन् पावर कमी ठेवतो."

"फोटो भिंतीचा पायजे का मोठीमायचा? आण इकडं."

"सेटिंग बिघडन न."

"मले सेटिंग सांगतं? वाघानं कधी तक्रार नाई केली माह्या सेटिंगची."

बुढी म्हणे, "काढू द्या न पोराले." पण आयकन तो मी कसला? कॅमेरा हिसकला. मुंडकं सरळ केलं, पावर फुल केली. चेहरा मोठा याले पायजे म्हणून तिच्यापासून हातभरावर गेलो आन् उकिडवा बसलो, बरोबर गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"अवो, डोळे फोडता का माहे?"

"चूप बस. वाघीण बी एवढी कटकट नाई करत."

ती हासली. समोरचे दोन दात नोयते, तं जन्मभर तोंडाले पदर लावून हासे. तवा पदर नाई लावला. तेवढ्यात म्या बटन दाबलं.

सुधाकर म्हणे, "पाहू द्या कसा आला." म्या कॅमेरा त्याच्या बॅगीत कोंबला. "म्या काढला म्हणजे निघाला. जा, चहा पे."

त्यानं दुसऱ्या दिवशी पाह्यला तवा आमी नागपूरच्या वाटेवर होतो.

बुढी वापस आली नाई. म्हणजे आली, पण गाडीत आडवी.

तेरवीले फोटो पायजे म्हणून सुधाकरच्या दुकानात गेलो. त्यानं कॅम्पुटरवर उघडला. उशी दिसे, लुगड्याचा काठ दिसे, बांगड्या दिसत. चेहऱ्याच्या जाग्यावर मात्र चुना पोतल्यावानी पांढरंफट. नाक नाई, डोळे नाई, हासणं नाई.

"जरासं काळं कर न याले, कॅम्पुटरमधून."

"जे आलंच नाई ते कुठून आणू, मोठेबाबा? आधार कार्डावरचा मोठा करून देतो."

"तो नको म्हणे ती."

"मंग दुसरा हाय का एखादा?"

दुसरा कुठून राहीन? म्या कधी काढला होता? तरी माही अकड जाईना.

"वाघाचा तं बरोबर याचा याच सेटिंगवर."

"वाघ किती दूर राहे?"

"पाच-सहा पावलं."

"आन् मोठीमाय?"

म्या हात लांब करून दाखवला. पोरानं फोटो बंद केला. मंग हळूच म्हणे, "जरासं मांगं सरकाचं होतं, मोठेबाबा."

"मांगंच होतो बापू, चाळीस वर्सं. त्या दिवशीच तेवढा जवळ गेलो."