हवेशीर घराचा भाव
नंदुरबारबाहेरच्या कॉलनीत घर घेताना दलालाने मला फसवलं. आज मिरचीचा ठसका लागला आणि वास्तुशांतीचा दिवस आठवला. घर त्याने भर पावसाळ्यात दाखवलं होतं. शेजारी मोकळं रान, म्हणून हवेशीर घराचा भाव त्याने वाढवून घेतला. हिवाळ्यात वास्तुशांती केली, तेव्हा त्याच रानावर लाल मिरच्या वाळत पसरलेल्या. मंत्र म्हणता म्हणता भटजी शिंकले, मग बायको, मग सगळा मांडव. सासरे डोळे पुसत ओरडले, “जावईबापू, तुम्ही घर नही, फोडणी इकत लिनी!” मी संतापून जेवायला आलेल्या दलालाकडे वळलो, तर तोही शिंकतच होता, आणि मलाच हसू फुटलं. घर लाडकं आहे, विकणार नाही. पण हवेचे पैसे ज्याने वाढवले, त्याने समोर बसून सांगावं, मिरचीचे किती वजा केले?